पडद्यावरून सुटलेले रॉकेट

१९२९ च्या उन्हाळ्यात बर्लिनमधल्या एका चित्रपट कंपनीने खरेखुरे रॉकेट बनवायचे काम हाती घेतले. चित्रीकरणासाठी लागणारी रंगवलेली, तारेने ओढायची रॉकेटे स्टुडिओत होतीच. हे वेगळे होते. द्रवरूप ऑक्सिजन आणि पेट्रोल जाळत ते बाल्टिक समुद्राच्या किनाऱ्यावरून आकाशात झेपावणार होते, आणि तेही एका चित्रपटाच्या पहिल्या खेळाची जाहिरात म्हणून. ते कधीच उडाले नाही. तरी माणूस चाळीस वर्षांनी ज्या वाटेने चंद्रावर पोचला, ती वाट या फसलेल्या जाहिरातीवरून जाते. लंडन आणि अँटवर्पवर पडलेली क्षेपणास्त्रे आणि हजारो कैद्यांचे मृत्यूही त्याच वाटेवर आहेत. चित्रपटाचे नाव 'फ्राउ इम मोन्ड', म्हणजे चंद्रावरची स्त्री. दिग्दर्शक फ्रिट्झ लांग.

विज्ञान पुढे चालते आणि सिनेमा त्याच्या मागून चित्रे काढत येतो, असे आपण गृहीत धरतो. इथे सिनेमा पुढे होता. जर्मनीत द्रव इंधनाच्या रॉकेटचे गणित कागदावर मांडून झाले होते, पण त्याला पैसे द्यायला विद्यापीठे तयार नव्हती, सरकार नव्हते, उद्योगपतीही नव्हते. पहिले पैसे सिनेमाने दिले. सिनेमाचे पैसे संपल्यावर लष्कराचे आले. रॉकेटचा खर्च कोण उचलतो आणि मोबदल्यात काय मागतो, हा धागा धरला की या साऱ्या घटनांची संगती लागते.

हेरमान ओबर्थचा जन्म १८९४ चा, ट्रान्सिल्व्हेनियातल्या हेरमानश्टाट गावचा. आज ते गाव रुमानियात आहे आणि सिबिऊ या नावाने ओळखले जाते. शाळकरी वयात त्याच्या हाती ज्यूल व्हर्नची चंद्रप्रवासाची कादंबरी पडली. व्हर्नचे प्रवासी प्रचंड तोफेतून चंद्राकडे डागले जातात. ओबर्थने वहीत हिशेब करून पाहिला, तर तोफेच्या नळीतच तो वेग गाठायचा झाला तर आतल्या माणसांचा चेंदामेंदा होणार. माणूस जिवंत राहायचा असेल तर वेग हळूहळू, काही मिनिटांत वाढला पाहिजे, आणि ते फक्त रॉकेटला जमेल. या निष्कर्षाने त्याला आयुष्यभर सोडले नाही.

१९२२ मध्ये त्याने याच विषयावरचा प्रबंध डॉक्टरेटसाठी हायडेलबर्गला दिला आणि तो नाकारला गेला. दुसरा प्रबंध लिहायच्या फंदात तो पडला नाही. तोच मजकूर त्याने १९२३ मध्ये म्युनिकच्या प्रकाशकाकडून, छपाईच्या खर्चाला स्वतः हातभार लावून, पुस्तकरूपाने काढला. पुस्तक शंभर पानांचेही नाही आणि समीकरणांनी गच्च भरलेले आहे. सुरुवातीलाच त्याने चार विधाने केली आहेत. आजच्या ज्ञानाच्या बळावर वातावरणाबाहेर जाणारी यंत्रे बनवता येतील. ती परत पृथ्वीवर पडणार नाहीत इतका वेग त्यांना देता येईल. त्यांतून माणूस बहुधा सुखरूप जाऊ शकेल. आणि परिस्थिती अनुकूल असेल तर हा उद्योग फायद्याचाही ठरेल. रशियात त्सिओल्कोव्स्कीने आणि अमेरिकेत गॉडर्डने यातले बरेच स्वतंत्रपणे मांडले होते. गॉडर्डने तर मार्च १९२६ मध्ये द्रव इंधनाचे रॉकेट उडवूनही दाखवले. पण गॉडर्ड एकांतात काम करणारा माणूस. ओबर्थच्या पुस्तकाभोवती मात्र गर्दी जमली.

ती जर्मनीतच का जमली? हरलेले युद्ध, तहाच्या जाचक अटी, १९२३ ची भयानक चलनवाढ या सगळ्यातून गेलेल्या तरुणांना वर पाहायला काहीतरी हवे होते, आणि ते द्यायला चांगले लिहिणारी माणसेही होती. ओबर्थची समीकरणे माक्स व्हालियरने सोप्या भाषेत उतरवली. विली ली या विशीतल्या तरुणाने १९२६ मध्ये अंतराळप्रवासावर छोटे, सहज वाचता येणारे पुस्तक लिहिले. जुलै १९२७ मध्ये ब्रेस्लाउ शहरातल्या एका मद्यगृहात काही जणांनी 'अंतराळप्रवास मंडळ' स्थापन केले. पुढच्या वर्षी मोटारी बनवणाऱ्या घराण्यातल्या फ्रिट्झ फॉन ओपेलने बर्लिनच्या शर्यतीच्या रस्त्यावर दारूची रॉकेटे बांधलेली गाडी ताशी दोनशे किलोमीटरहून जास्त वेगाने पळवली. रॉकेट आता वर्तमानपत्राच्या पहिल्या पानावर आले होते.

सिनेमाने ते तिथूनच उचलले. फ्रिट्झ लांग आणि त्याची पत्नी थेआ फॉन हार्बू हे जर्मन सिनेमातले सर्वांत नामांकित जोडपे. ती लिहायची, तो पडद्यावर उतरवायचा. १९२७ च्या 'मेट्रोपोलिस'ने त्यांचे नाव केले आणि उफा या चित्रपट कंपनीला खड्ड्यात घातले. आल्फ्रेड हुगेनबर्ग या वृत्तपत्रसम्राटाने ती विकत घेऊन तगवली. नंतर हार्बूने चंद्रावरच्या स्वारीची कादंबरी लिहिली आणि लांगने ती चित्रपटासाठी घेतली. चंद्रावर जायचेच, तर तिकडे जायचा मार्ग खरोखर ज्याला ठाऊक आहे त्याला विचारून जायचे, असे त्याने ठरवले. त्या वेळी ओबर्थ रुमानियातल्या मेडियाश गावी शाळेत गणित आणि भौतिकशास्त्र शिकवत होता. त्याला बर्लिनहून बोलावणे आले. सल्ल्यासाठी विली लीही होताच.

एका शास्त्रज्ञाला स्टुडिओत एवढे अधिकार पूर्वी क्वचितच मिळाले असतील. चित्रपटातले रॉकेट टप्प्याटप्प्यांचे आहे, एका भागाचे इंधन संपले की तो गळून पडतो. प्रवासी उड्डाणाच्या वेळी आडवे झोपतात, कारण वेगवाढीचा ताण उभ्या शरीराला सोसत नाही. वजन नाहीसे झाल्यावर तोल सांभाळता यावा म्हणून यानाच्या जमिनीला आणि छताला पट्टे लावलेले आहेत. पायांनी आणि हातांनी ते पकडूनच हालचाल करायची. बाटलीतून निसटलेल्या द्रवाचे गोळे हवेत तरंगतात. हे सारे १९२९ मध्ये, जेव्हा कोणत्याही माणसाला भारहीनतेचा दीर्घ अनुभव नव्हता.

चंद्रावर उतरल्यावर मात्र शास्त्रज्ञाचे काही चालले नाही. तिथे हवा आहे, पाणी आहे, गुहांत सोने आहे. म्हातारा प्राध्यापक मानफेल्ट शिरस्त्राण काढून मोकळा श्वास घेतो. पेटर आंद्रेआस हान्सेन या एकोणिसाव्या शतकातल्या खगोलशास्त्रज्ञाने चंद्राच्या पलीकडच्या बाजूला हवा असू शकेल असा तर्क केला होता. तो तर्क इथे कामी आला, पण १९२९ मध्ये तो कुणी खरा मानत नव्हता. चंद्रावर हवा दाखवण्याचे कारण साधे होते. कथेत एक तरुणी आणि तिच्यावर प्रेम करणारे दोघे आहेत; त्यांचे चेहरे दोन तास शिरस्त्राणात झाकून ठेवले तर प्रेक्षक काय पाहणार? स्टुडिओत गाड्या भरभरून वाळू ओतून चंद्राची जमीन तयार झाली. ओबर्थने जाण्याचा मार्ग दिला आणि पोचल्यानंतरचे सगळे हार्बूवर सोडले, असा हा सौदा होता. मला तो मोठ्या किमतीचा वाटत नाही. त्या काळच्या प्रेक्षकाला पटवायचे होते ते निघता येते हे.

निघण्याचा तो प्रसंग आजही पाहणाऱ्याला खुर्चीत पुढे सरकवतो. रात्र आहे. प्रचंड शेडचे दरवाजे उघडतात आणि उभे रॉकेट रुळांवरून संथपणे बाहेर येते. प्रकाशझोत फिरताहेत, कुंपणाबाहेर हजारो माणसे जमली आहेत, निवेदक ध्वनिक्षेपकात बोलतो आहे. रॉकेट पाण्याच्या टाकीत उतरवले जाते, कारण ते इतक्या हलक्या धातूचे आहे की स्वतःच्या बळावर उभे राहू शकत नाही. आत सारे आपापल्या बिछान्यांवर पट्ट्यांनी जखडून घेतात. मग पडद्यावर अक्षरे येतात: अजून साठ सेकंद. अजून दहा. सहा, पाच, चार असे आकडे मोठे होत जातात, आणि शेवटी एकच शब्द: आता.

आपण श्रीहरिकोट्याच्या उड्डाणाचे प्रक्षेपण पाहतो तेव्हा जी उलटी मोजणी ऐकतो, ती लोकांच्या मनात पहिल्यांदा रुजवली या दृश्याने. लांगने नंतर मुलाखतींत त्यामागचा विचार सांगितला आहे. एक, दोन, तीन असे मोजत गेले तर नेमके कुठल्या आकड्याला उड्डाण होणार हे प्रेक्षकाला कळत नाही. तेच दहावरून शून्याकडे आले की शेवट सगळ्यांना आधीच माहीत असतो आणि प्रत्येक आकड्याला जीव वर येतो. म्हणजे उलट मोजण्याची गरज आधी मूकपटाच्या दिग्दर्शकाला भासली. अभियंत्यांना त्यातला फायदा नंतर कळला: एका ठरलेल्या क्षणाच्या आधी कोणते काम किती सेकंदांवर व्हायला हवे याचा तक्ता त्या मोजणीवर बेतता येतो.

आता जाहिरातीच्या रॉकेटकडे. चित्रपटासोबत खरे रॉकेट उडवायची कल्पना निघाली तेव्हा उफाने आणि लांगने खर्च निम्मा निम्मा वाटून घेतला. लांगने स्वतःच्या खिशातले पैसे घातले, याची नोंद लीने आपल्या रॉकेटविषयक इतिहासात केली आहे. ओबर्थ सिद्धान्ताचा माणूस. लेथ मशीनशी आणि कारागिरांशी त्याचा संबंध बेताचा. मदतीला रुडोल्फ नेबेल आला. हा पहिल्या महायुद्धातला वैमानिक, हातात अभियांत्रिकीची पदवी, पण अनुभवापेक्षा बोलण्यात तरबेज. दोघांपुढे काही महिन्यांची मुदत होती, आणि द्रव ऑक्सिजन व पेट्रोल एकत्र कसे जळतात याची माहिती जगात जवळजवळ कुणाकडेच नव्हती. एका प्रयोगात स्फोट झाला. ओबर्थच्या कानाचा पडदा फाटला, डाव्या डोळ्याला इजा झाली. तरी तो परत कामाला लागला. प्रसिद्धिखाते तिकडे वर्तमानपत्रांना बातम्या पुरवत होते आणि इकडे कार्यशाळेत एकही भाग वेळेवर तयार होत नव्हता. जो प्रश्न सोडवायला पुढे शेकडो अभियंत्यांना दहा वर्षे लागली, तो एका शिक्षकाने एका उन्हाळ्यात सोडवावा अशी अपेक्षा होती. तो खचला आणि काम अर्धवट टाकून घरी निघून गेला. उड्डाण बेमुदत पुढे ढकलले गेले.

चित्रपट मात्र ठरल्या दिवशी लागला. १५ ऑक्टोबर १९२९ च्या संध्याकाळी बर्लिनच्या उफा-पालास्ट चित्रपटगृहाच्या दर्शनी भिंतीवर तारकांचे आकाश उभे केले होते आणि त्यात पृथ्वीवरून चंद्राकडे जाणारे छोटे रॉकेट फिरत होते. नऊ दिवसांनी न्यूयॉर्कचा शेअरबाजार कोसळायला लागला. तेवढेच नाही; बोलपट आले होते. उड्डाणाच्या प्रसंगाला तरी आवाज जोडावा असा उफाचा आग्रह होता, तो लांगने धुडकावला आणि कंपनीशी त्याचे नाते तुटले. 'फ्राउ इम मोन्ड' हा जर्मनीच्या शेवटच्या भव्य मूकपटांपैकी एक ठरला.

सिनेमाच्या इतिहासात गोष्ट इथे संपते. रॉकेटच्या इतिहासात ती इथून वेग घेते. उफाच्या पैशातून तयार झालेले सुटे भाग अंतराळप्रवास मंडळाने मिळवले. मंडळातल्या तरुणांनी ओबर्थच्या शंक्वाकार ज्वलनकक्षावर काम चालू ठेवले आणि २३ जुलै १९३० रोजी बर्लिनच्या सरकारी रसायन-तंत्र संस्थेत, भर पावसात, त्याची चाचणी झाली. इंजिन दीड मिनिट जळले. त्याने दिलेला रेटा होता सात किलोच्या आसपास, म्हणजे ज्वारीचे अर्धे पोतेसुद्धा उचलू शकणार नाही इतका. पण संस्थेने शिक्क्यासह दाखला दिला की हे यंत्र चालते. ओबर्थचा प्रबंध विद्यापीठाने परत केला त्याला आठ वर्षे झाली होती. त्या आठ वर्षांतली पहिली सरकारी पावती ही. त्या दिवसांतल्या एका छायाचित्रात ओबर्थ आणि त्याचे सोबती रॉकेटभोवती उभे आहेत. उजवीकडे अठरा वर्षांचा एक देखणा विद्यार्थी आहे, वेर्नर फॉन ब्राउन.

सप्टेंबर १९३० मध्ये मंडळाला बर्लिनच्या उत्तरेला, जुन्या दारूगोळ्याच्या कोठारांची ओसाड जागा नाममात्र भाड्याने मिळाली. 'रॉकेट-विमानतळ' अशी पाटी लागली. मंदीत बेकार झालेले कुशल कारागीर तिथे फक्त राहायच्या सोयीवर कामाला येत. नेबेल कारखान्यांकडून धातू, रंग, वेल्डिंगचे सामान गोड बोलून फुकट मिळवी. तिथून लहान रॉकेटे शेकडो मीटर वर जाऊ लागली. पण सिनेमाने एकदा दिलेले पैसे पुन्हा येणार नव्हते. आणि अशा वेळी दारात मोटार आली ती लष्कराची.

व्हर्सायच्या तहाने जर्मनीला जड तोफा नाकारल्या होत्या. रॉकेटांचा तहात उल्लेखच नव्हता, कारण १९१९ मध्ये ती कुणाच्या ध्यानीमनी नव्हती. लष्कराच्या शस्त्रविभागातल्या कार्ल बेकर आणि वाल्टर डोर्नबेर्गर या अधिकाऱ्यांनी ही फट बरोबर हेरली. १९३२ मध्ये मंडळाने त्यांच्यासमोर केलेले उड्डाण फसले, तरी फॉन ब्राउन त्यांच्या नजरेत भरला आणि त्याच वर्षअखेर तो कुमर्सडॉर्फच्या लष्करी चाचणीतळावर रुजू झाला. अट एकच होती: जाहीर काही नाही. गर्दी, प्रकाशझोत, वर्तमानपत्रे ही सिनेमाच्या आश्रयाची किंमत होती. लष्कराची किंमत नेमकी उलटी होती. हिटलर सत्तेवर आल्यानंतर खासगी रॉकेटप्रयोग बंद पडले, मंडळ विझले. १९३५ मध्ये ली देश सोडून अमेरिकेला गेला. लांगच्या सांगण्यानुसार 'फ्राउ इम मोन्ड'च्या प्रती आणि रॉकेटचे नमुने गेस्टापोने उचलून नेले, कारण ते आता गुपिताच्या फार जवळचे झाले होते.

लांग स्वतः तेव्हा जर्मनीत नव्हता. १९३३ मध्ये त्याचा आणि हार्बूचा घटस्फोट झाला. तो पॅरिसमार्गे हॉलिवूडला गेला, ती मागे राहिली आणि नाझी पक्षात सामील झाली. या वळणावर कथेत एक मराठी माणूस येतो. बेळगावजवळच्या बेळगुंदीचे अयी गणपत तेंडुलकर शिक्षणासाठी युरोपात गेले होते आणि बर्लिनमध्ये पत्रकारिता करत होते. वयाने बऱ्याच मोठ्या असलेल्या हार्बूशी त्यांचा स्नेह जुळला. नाझी राजवटीत नामवंत जर्मन लेखिकेने भारतीयाशी उघडपणे विवाह करणे शक्य नव्हते, म्हणून तो गुपचूप झाला. महायुद्ध सुरू होण्याच्या सुमारास तेंडुलकर भारतात परतले. इथे ब्रिटिशांनी त्यांना तुरुंगात टाकले, आणि पुढे १९४५ मध्ये गांधीजींच्या आशीर्वादाने सेवाग्रामला त्यांचा इंदुमती गुणाजींशी विवाह झाला. त्यांच्या कन्या लक्ष्मी तेंडुलकर-धौल यांनी ही सारी हकीकत पुस्तकात लिहिली आहे. हार्बूला भारताची ओढ आधीपासूनची. तिच्या भारतावरच्या जुन्या कादंबरीवर लांगने १९५९ मध्ये जे दोन चित्रपट काढले, त्यांच्या चित्रीकरणासाठी तो उदयपूरला आला होता. चंद्रावरच्या स्वारीची लेखिका एका बेळगावकराची पत्नी होती, हे आपल्याकडे फार थोड्यांना माहीत आहे.

बाल्टिकच्या किनाऱ्यावर पेनेम्युंड इथे १९३७ पासून लष्कराचे रॉकेटकेंद्र उभे राहिले. ओबर्थने आणि उफाने जिथून जाहिरातीचे रॉकेट उडवायचे ठरवले होते, तोही हाच समुद्र. आता तिथे हजारो माणसे, वाऱ्याच्या बोगद्यांची प्रयोगशाळा आणि अमाप पैसा होता. ३ ऑक्टोबर १९४२ रोजी चौदा मीटर उंचीचे ए-४ रॉकेट पहिल्यांदा पूर्ण यशस्वी झाले. ते ऐंशी किलोमीटरहून वर चढले आणि जवळपास एकशे नव्वद किलोमीटर दूर समुद्रात पडले. त्याच्या अंगावर अभियंत्यांनी एक चित्र रंगवले होते: चंद्राच्या कोरीवर बसलेली तरुणी. बंदी घातलेल्या चित्रपटाची ही खूण त्यांनी लष्करी शस्त्रावर काढली, यावरून तो चित्रपट त्यांच्यात किती खोल गेला होता ते कळते. आणि त्याच वेळी ते काय बनवत होते याकडे त्यांनी किती सहज पाठ फिरवली होती, तेही. डोर्नबेर्गरने त्या संध्याकाळी अंतराळयुगाचा जन्म झाल्याची भाषा केली. नंतर या अस्त्राचे नाव पडले व्ही-२, म्हणजे सूडाचे शस्त्र क्रमांक दोन.

ऑगस्ट १९४३ मध्ये ब्रिटिश विमानांनी पेनेम्युंडवर बाँब टाकले, तेव्हा उत्पादन हार्झ पर्वतातल्या नॉर्डहाउझेनजवळच्या बोगद्यांत हलवले गेले. मित्तेलबाउ-डोराच्या छळछावणीतले कैदी तिथे राबले. सुरुवातीचे महिने ते बोगद्यातच झोपत. धूळ, अंधार, उपासमार, आणि घातपाताचा संशय आला की फाशी. सुमारे साठ हजार कैदी त्या छावण्यांतून गेले आणि त्यांतले वीस हजारांच्या आसपास मेले. व्ही-२ ने ज्यांना ठार केले त्यांच्याहून तिच्या कारखान्याशी जोडलेल्या छावण्यांत मेलेल्यांची संख्या जास्त आहे. फॉन ब्राउन त्या बोगद्यांत अनेकदा जाऊन आला होता.

सप्टेंबर १९४४ पासून सुमारे तीन हजार व्ही-२ डागल्या गेल्या. ध्वनीहून वेगाने येणाऱ्या या शस्त्राचा आवाज स्फोटानंतर ऐकू येई. इशारा द्यायला वेळच नसे. १६ डिसेंबर १९४४ च्या दुपारी अँटवर्पच्या रेक्स चित्रपटगृहात सेसिल डीमिलचा चित्रपट चालू होता आणि सभागृह सैनिकांनी व नागरिकांनी भरलेले होते. व्ही-२ थेट छतावर पडली. ५६७ माणसे मेली. बर्लिनच्या चित्रपटगृहाच्या दर्शनी भिंतीवर चंद्राकडे जाणारे रॉकेट फिरले त्याला पंधरा वर्षे झाली होती.

याचा दोष 'फ्राउ इम मोन्ड'ला द्यावा का? मला तसे वाटत नाही. चित्रपट न निघता तरी तहातली फट लष्कराला दिसलीच असती. पण तो चित्रपट निव्वळ निरागस होता, असेही म्हणवत नाही. त्याच्या कथेत चंद्रस्वारीचा खर्च सोन्यावर डोळा असलेली धनाढ्यांची टोळी उचलते आणि आपला माणूस रॉकेटमध्ये घुसवते. म्हणजे पैसे देणारा आपल्या अटी घेऊन यानात चढतो, हे हार्बूने अचूक ओळखले होते. ज्यांनी तो चित्रपट पुन्हा पुन्हा पाहिला, त्यांनी त्यातली उलटी मोजणी उचलली आणि हा भाग सोडून दिला.

असे जोडकाम फक्त जर्मनीत झाले नाही. सोव्हिएत संघात 'कोस्मिचेस्की रेइस' या १९३६ च्या चंद्रप्रवासाच्या मूकपटाला वृद्ध त्सिओल्कोव्स्कीने सल्ला दिला होता. चित्रपट पडद्यावर यायच्या आधीच, १९३५ मध्ये, त्सिओल्कोव्स्की वारला. १९५७ मध्ये पावेल क्लुशान्त्सेव्हने काढलेल्या माहितीपटात अंतराळस्थानक आणि चंद्रावर उतरणारी माणसे इतकी खरी दिसतात की कुब्रिकच्या '२००१' या चित्रपटाच्या आधी अकरा वर्षे हे झाले यावर विश्वास बसत नाही.

युद्धानंतर अमेरिकेने फॉन ब्राउन आणि त्याच्या सहकाऱ्यांना आपल्याकडे नेले. पुन्हा लष्कराचाच पगार, पुन्हा क्षेपणास्त्रे. चंद्रासाठी पैसे मागायचे तर आधी लोकांना पटवले पाहिजे, हे त्याला ओबर्थच्या काळापासून ठाऊक होते. १९५२ पासून 'कॉलियर्स' साप्ताहिकात त्याचे सचित्र लेख आले, आणि ९ मार्च १९५५ रोजी वॉल्ट डिस्नीच्या दूरचित्रवाणी मालिकेत 'मॅन इन स्पेस' हा भाग दाखवला गेला. दिग्दर्शक वॉर्ड किंबॉल. पडद्यावर समजावून सांगणारे तिघे जर्मन: हाइन्झ हाबर, फॉन ब्राउन आणि विली ली. बर्लिनच्या स्टुडिओत लांगला सल्ला देणारा तरुण आता न्यूयॉर्कचा प्रसिद्ध विज्ञानलेखक झाला होता. कोट्यवधी अमेरिकन कुटुंबांनी दिवाणखान्यात बसून चार टप्प्यांचे रॉकेट, भारहीनता आणि परतीचे पंखधारी यान पाहिले. राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवरने या कार्यक्रमाची प्रत मागवून घेतली, असे किंबॉल सांगत असे. त्याच वर्षीच्या २९ जुलैला व्हाइट हाउसने कृत्रिम उपग्रह सोडण्याची घोषणा केली. एका कार्यक्रमामुळे ती झाली असे म्हणणे अतिशयोक्तीचे ठरेल. त्यामागे शास्त्रीय समित्या आणि रशियाशी चाललेली स्पर्धा होती. पण अमेरिकन करदात्याला ती घोषणा वेडेपणा वाटली नाही, यात त्या पडद्याचा हात नक्की आहे. डोराचे नाव मात्र त्या कार्यक्रमांत कुठेही आले नाही, आणि पुढची कित्येक वर्षे कुणी विचारलेही नाही.

थेआ फॉन हार्बू १९५४ मध्ये वारली. विली ली २४ जून १९६९ ला गेला, माणसाचे पाऊल चंद्रावर पडायला महिनासुद्धा उरला नव्हता. १६ जुलैला अपोलो ११ घेऊन सॅटर्न-५ निघाले, तेव्हा केप केनेडीला जमलेल्या पाहुण्यांत पंचाहत्तरीचा हेरमान ओबर्थ होता. फॉन ब्राउनच्या देखरेखीखाली घडलेले ते रॉकेट टप्प्यांचे होते, उभेच जोडले गेले होते, उंच इमारतीच्या दारातून उभेच बाहेर आणले गेले होते, आणि त्यातले तिघे अंतराळवीर पाठीवर झोपून शून्याची वाट पाहत होते.

'फ्राउ इम मोन्ड'ची जवळपास पावणेतीन तासांची दुरुस्त केलेली प्रत आज पाहायला मिळते. सुरुवातीची हेरगिरी रेंगाळते, तिथे कंटाळून बंद करू नका. विज्ञान मंडळे आणि चित्रपट मंडळे हा चित्रपट दाखवतात तेव्हा बहुधा उड्डाणाचा तुकडा दाखवून टाळ्या घेतात. तो पूर्ण दाखवावा, आणि लगोलग मित्तेलबाउ-डोरावरचा एखादा माहितीपटही लावावा. दोन्ही एका संध्याकाळी बसतात.